‘काइंडली’ नको, वेळ सांगा!

वीकेंड वॉक असो, बोट राइड असो की गावाकडचा होमस्टे... पाहुणा येतो तो तुमच्या मेसेजवर विश्वास ठेवून. त्या मेसेजचं इंग्रजी भारी नसलं तरी चालेल, पण त्यातून कळलं पाहिजे!

“डिअर व्हॅल्यूड गेस्ट, ग्रीटिंग्ज ऑफ द डे! यू आर काइंडली रिक्वेस्टेड टू रिपोर्ट ॲट द स्पॉट वेल इन टाइम फॉर द हाफ डे टूर. प्रायर बुकिंग इज मस्ट. लंच विल बी इन अ गुड हॉटेल. चार्जेस एक्स्ट्रा ॲज ॲप्लिकेबल. काइंडली को-ऑपरेट अँड ओब्लाइज.”

वाचलंत? आता पटकन सांगा, किती वाजता पोचायचं? कुठे? खिशात किती पैसे ठेवायचे? जेवण टूरच्या पैशांत आहे की वेगळं? नाही ना सांगता येत? टेन्शन घेऊ नका, ज्यांनी पैसे भरून बुकिंग केलं त्यांनाही सांगता येत नाही.

हा नमुना मी इथे जुळवलाय, पण त्यातलं एकेक वाक्य मी कुठे ना कुठे वाचलेलं आहे. गेली दोन-तीन वर्षं लेखांच्या जोडीला माझा एक साइड-जॉब चालू आहे. छोट्या टूरवाल्यांची बुकिंगची माहिती इंग्रजीत नीट लिहून द्यायची. सुरुवात झाली एका मैत्रिणीपासून. तिने हिंजवडीतली आयटीची नोकरी सोडली आणि पुण्याच्या पेठांमधून पाहुण्यांना फिरवायला लागली. मग तिच्या ओळखीने एक ट्रेकवाला ग्रुप आला, दापोलीकडचे होमस्टेवाले काका आले. प्रत्येकाचं वाक्य एकच. “तुझं इंग्लिश चांगलंय ना, जरा बघ ना गं!”

हे वाक्य तुम्हीही ऐकलेलं असणार. ऑफिसात ज्याचं इंग्रजी बरं, त्याच्याकडे सगळ्या नातेवाइकांच्या धंद्याचे मेसेज येतात. मामाचं फार्महाऊस, वहिनीचा फूड वॉक, बिल्डिंगमधल्या दादाचा किल्ल्यांचा ग्रुप. आणि आपण काय करतो? स्पेलिंग सुधारतो, दोन ‘काइंडली’ वाढवतो, खाली ‘वॉर्म रिगार्ड्स’ टाकतो आणि पाठवून देतो. मेसेज चकाचक दिसतो. पण पाहुण्याला जे हवं असतं ते त्यात नसतंच!

‘पर्यंत’चा घोळ

दापोलीच्या काकांचा किस्सा ऐका. थंडीच्या सीझनमध्ये ते पाहुण्यांना सकाळी डॉल्फिन दाखवायला बोटीतून नेतात. एक वयस्कर ब्रिटिश जोडपं त्यांच्या घराजवळच्या हॉटेलात उतरलं होतं. काकांनी आदल्या रात्री मेसेज टाकला, “आय विल बी ॲट द बीच टिल सेव्हन.”

काकांच्या डोक्यातलं वाक्य होतं, ‘मी सात वाजेपर्यंत किनाऱ्यावर पोचतो.’ पण इंग्रजीत वाचलं तर त्याचा अर्थ होतो, मी सातपर्यंत तिथे असेन, नंतर निघून जाईन. आजी-आजोबा बिचारे शहाणे. उशीर नको म्हणून साडेपाचलाच टॉर्च घेऊन किनाऱ्यावर हजर. अंधार, गार वारा, चिटपाखरू नाही. काका डिझेल आणायला गेलेले आणि फोनला रेंज नाही. तासभर थांबून दोघं परत गेले. काका पावणेसातला बोट घेऊन आले, तर किनाऱ्यावर कुणीच नाही!

दोघंही खरं बोलत होते आणि दोघंही चिडले होते. डिझेलचे पैसे गेले, एक सकाळ गेली. पण काकांना लागलं ते वेगळंच. पाहुण्यांनी रिव्ह्यूमध्ये एक स्टार दिला आणि लिहिलं की मालक आलाच नाही. “इतकी वर्षं बोट चालवतोय,” काका मला म्हणाले, “मासे मिळाले नाहीत असं झालं, पण शब्द दिला आणि गेलो नाही असं कधी झालं नाही हो.”

दोष काकांच्या शब्दाचा नव्हता, ‘पर्यंत’ या शब्दाचा होता. मराठीत एकच ‘पर्यंत’ दोन कामं करतो. ‘पाचपर्यंत ये’ आणि ‘पाचपर्यंत बस’. पहिल्याला इंग्रजीत ‘बाय’ लागतो, दुसऱ्याला ‘टिल’. आपण मराठीत विचार करून इंग्रजीत लिहितो तेव्हा दोन्हीकडे ‘टिल’ चिकटवतो. ‘बुक टिल फ्रायडे’, ‘पे टिल फाइव्ह’, ‘रीच टिल सिक्स’... आपल्याला सगळं कळतं, कारण मागे मराठी ऐकू येत असतं. पाहुण्याला ते ऐकू येत नाही.

माझा फंडा सिंपल आहे. वेळेच्या वाक्यात शक्यतो ‘बाय’ही नको आणि ‘टिल’ही नको. घड्याळातला एक आकडा द्या. “मीट मी ॲट द बीच ॲट सेव्हन एएम. द बोट लीव्ह्ज ॲट सेव्हन फिफ्टीन.” भेटायची वेळ वेगळी, निघायची वेळ वेगळी. बस्स!

शनिवारी रात्री साडेबारा म्हणजे नक्की कधी?

ट्रेकवाल्या मंडळींचा हा लाडका घोळ. “डिपार्चर सॅटर्डे नाइट ट्वेल्व्ह थर्टी.” मुंबईचा ट्रेकर समजून जातो की शनिवारी जेवून निघायचं आणि रात्री बारानंतरची कसारा लोकल पकडायची. पण कॅलेंडरच्या हिशेबाने तेव्हा रविवार लागलेला असतो. नियमात चालणारा पाहुणा ‘सॅटर्डे ट्वेल्व्ह थर्टी एएम’ वाचून शुक्रवारी रात्री सॅक घेऊन उभा राहिला, तर चूक त्याची कशी म्हणणार?

यावर रेल्वेकडून शिकण्यासारखं आहे. रेल्वे चोवीस तासांचं घड्याळ वापरते, त्यामुळे दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा यांत गोंधळ होत नाही. तारखेचा घोळ मात्र तिथेही माणसं घालतात. रात्री ००.१० ची गाडी असते आणि कुटुंब चोवीस तास उशिरा स्टेशनवर पोचतं. म्हणून मी दोन्ही रात्रींची नावं लिहिते. “नाइट ऑफ सॅटर्डे १३ जून. द बस लीव्ह्ज ॲट ००.३० ऑन संडे १४ जून. प्लीज कम ऑन सॅटर्डे नाइट.” थोडं लांब होतं, पण एकही फोन येत नाही.

आणि महिना अक्षरांत लिहा, प्लीज. ०५/०६ म्हणजे आपल्यासाठी ५ जून, पण अमेरिकेतून येणाऱ्यासाठी ६ मे. तुमची न्यू जर्सीची मावसबहीण तिथेच वाढलेली असेल, तर तीसुद्धा ६ मेच वाचणार. ‘नेक्स्ट संडे’चंही तसंच. येता रविवार की पुढचा, यावर घरातल्या घरात भांडणं होतात. तिथे परक्या माणसाचं काय!

सोमवार-मंगळवारचं कोडं

एका टूरच्या माहितीपत्रकात मी वाचलं होतं, “अजंता एलोरा क्लोज्ड मंडे ट्यूजडे.” आता याचा अर्थ काय घ्यायचा? दोन्ही लेणी दोन्ही दिवस बंद? खरं असं आहे की अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. म्हणजे ज्याच्याकडे नेमके हेच दोन दिवस आहेत, त्याचंही काम होऊ शकतं. सोमवारी वेरूळ बघा, मंगळवारी अजिंठा. पण ते एक वाक्य वाचून तो आपला बेतच रद्द करेल आणि टूरवाल्याचे दोन दिवसांचे पैसे बुडतील.

उपाय काय? दोन गोष्टी आहेत ना, मग दोन वाक्यं करा. “अजंता इज क्लोज्ड ऑन मंडेज. एलोरा इज क्लोज्ड ऑन ट्यूजडेज.” शाळेत पाचवीत लिहायचो तशी वाक्यं. त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. अजिंठ्याला जपान, थायलंड, श्रीलंकेहूनही लोक येतात. इंग्रजी त्यांचीही मातृभाषा नाही. किंबहुना तुमचा कोलकात्याचा पाहुणा, चेन्नईचा पाहुणा आणि तुम्ही स्वतः, सगळेच इंग्रजी शिकून आलेले. अशा वेळी छोटं वाक्य सगळ्यांनाच पेलतं.

नावांचंही भान ठेवावं लागतं. औरंगाबादचं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं, पण परदेशी पाहुण्याच्या हातातल्या जुन्या गाइडबुकात औरंगाबादच असतं. मुंबईत व्हीटीचं १९९६ मध्ये सीएसटी झालं आणि २०१७ मध्ये सीएसएमटी. टॅक्सीवाला अजून व्हीटी म्हणतो, तिकिटावर सीएसएमटी असतं आणि पाहुणा मध्ये लटकतो! घारापुरी आणि एलिफंटा ही एकाच बेटाची नावं आहेत, हेही त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे आजचं नाव आधी आणि ‘ओल्ड नेम’ म्हणून जुनं नाव लगेच पुढे. वाद नको, पाहुणा पोचायला हवा.

भेटायच्या जागेचंही असंच. माझ्या मैत्रिणीच्या मेसेजमध्ये आधी फक्त ‘मीट ॲट शनिवारवाडा’ असायचं. शनिवारवाड्याला पाच दरवाजे आहेत! आता ती लिहिते, “मीट इन फ्रंट ऑफ द दिल्ली दरवाजा, द मेन गेट, निअर द स्टॅच्यू ऑफ बाजीराव ऑन हॉर्सबॅक.” घोड्यावरचा बाजीराव कुणाला दिसणार नाही, सांगा!

शेवटच्या ओळीतला बॉम्ब

आता पैशांकडे वळू. इथे अस्पष्ट इंग्रजी लिहिणारे दोन प्रकारचे लोक असतात. एक, ज्यांना नीट लिहिता येत नाही. दोन, ज्यांना नीट लिहायचंच नसतं! ‘चार्जेस एक्स्ट्रा ॲज ॲप्लिकेबल’ हे त्या दुसऱ्या लोकांचं आवडतं वाक्य. पण नुकसान पहिल्यांचं होतं, कारण पाहुणा दोघांना एकाच मापाने मोजतो.

एलिफंटाचंच घ्या. ‘एलिफंटा टूर, एन्ट्री एक्स्ट्रा’ एवढंच लिहिलं तर पाहुण्याला वाटतं, असेल काहीतरी किरकोळ. प्रत्यक्षात गेट वे ऑफ इंडियाहून बोटीचं तिकीट वेगळं आणि लेण्यांचं वेगळं. त्यातही २०१८ मध्ये पुरातत्त्व खात्याने दर वाढवले तेव्हा जागतिक वारसा स्थळांना भारतीयांसाठी ४० रुपये आणि परदेशी पर्यटकांसाठी ६०० रुपये असा फरक झाला. सहाशे रुपये ही काही ‘किरकोळ’ नाही. चौघांचं कुटुंब खिडकीशी जाऊन हा आकडा ऐकतं, तेव्हा त्यांचा राग खिडकीतल्या माणसावर निघत नाही, तुमच्या गाइडवर निघतो.

बरं, ‘इंडियन’ आणि ‘फॉरेनर’ एवढं लिहूनही भागत नाही. सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांना भारतीयांचाच दर लागतो. ओसीआय कार्ड असलेल्यांनाही स्मारकांच्या प्रवेशाला भारतीयांइतकेच पैसे पडतात. म्हणजे काठमांडूहून आलेल्या पाहुण्याला आणि आपल्या न्यू जर्सीच्या मावसबहिणीला हे आधीच कळलं, तर पासपोर्ट आणि कार्ड सोबत ठेवायची सूचनाही त्याच ओळीत देता येते. “ब्रिंग युअर पासपोर्ट. इफ यू हॅव ॲन ओसीआय कार्ड, ब्रिंग इट टू.” एका ओळीने साडेपाचशे रुपये वाचले, बॉस! पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, हेही त्याच जागी लिहून टाका.

सोमवारी एलिफंटाची लेणी बंद असतात, बोटीचा प्रवास साधारण तासाभराचा, वर चढायला सुमारे १२० पायऱ्या. ‘इझी वॉक’ लिहिण्यापेक्षा हा १२० चा आकडा जास्त उपयोगाचा. गुडघे दुखणारी आजी आपला निर्णय आपण घेऊ शकते. ‘इझी’ हा आपला अंदाज असतो, आकडा तिच्या कामाचा असतो.

सुरुवातीला कमी किंमत दाखवायची आणि शेवटी एकेक आकार वाढवत न्यायचा, या प्रकाराला ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न्स’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात ग्राहकाला फसवणारे जे १३ प्रकार सांगितलेत, त्यात हाही आहे. तेव्हा सगळे पैसे वर, एकत्र आणि आकड्यांत लिहा. टोकन, ॲडव्हान्स, बॅलन्स हे शब्द आपले रोजचे, पण पाहुण्याला ‘टोकन अमाउंट’ म्हणजे काय ते कळेलच असं नाही. ‘पे ५०० रुपीज नाऊ, पे १,००० रुपीज ऑन द डे’ हे कुणालाही कळतं. आणि फक्त क्यूआर कोड पाठवून मोकळे होऊ नका. परदेशातून काल उतरलेल्या माणसाकडे बहुतेकदा यूपीआय नसतं. रोख चालेल का, कार्ड चालेल का, ते लिहा.

‘टाइम टू गेट फ्रेश’!

आता थोडं हसूया. ‘आफ्टर रीचिंग, थर्टी मिनिट्स टू गेट फ्रेश.’ आपल्याकडे फ्रेश होणं म्हणजे हातपाय धुणं. इंग्रजीत एखाद्याशी ‘गेट फ्रेश’ म्हणजे लाडीगोडी, जरा जास्तच सलगी! पाहुणा अर्धा तास काय करणार, देव जाणे.

‘लंच इन हॉटेल’ वाचून त्याला वाटतं की दुपारी रूम मिळणार. त्याच्यासाठी हॉटेल म्हणजे राहायची जागा, आपल्यासाठी मिसळ खायची. ‘द टूर इज प्रीपोन्ड’ म्हटलं तर भारताबाहेरचे बरेच जण डोकं खाजवतील. ‘मूव्ह्ड अर्लिअर, फ्रॉम ९ टू ८’ म्हणा. ‘द ड्रायव्हर इज आउट ऑफ स्टेशन’ वाचून पाहुणा स्टेशनबाहेर ड्रायव्हर शोधत बसेल. ‘प्युअर व्हेज’मध्ये अंडं नाही, पण दूध-तूप आहे, हे व्हेगन पाहुण्याला आधीच सांगायला हवं. ‘किड्स बिलो फाइव्ह फ्री’ यात पाच वर्षांचा मुलगा आत की बाहेर? ‘एजेस ० टू ४ फ्री’ लिहिलं की प्रश्नच मिटला.

या शब्दांत वाईट काही नाही हं. प्रीपोन हा तर झकास शब्द आहे, आपसात बिनधास्त वापरा. फक्त पाहुण्याच्या बुकिंगमध्ये नको.

भारी इंग्रजीचा मोह

मग आपण एवढं गोल-गोल का लिहितो? माझ्या मते भीतीने. साधं लिहिलं तर आपण अडाणी वाटू, ही भीती. मैत्रिणीने माझा पहिला ड्राफ्ट वाचून तोंड वाकडं केलं होतं. “अगं, हे फारच साधं वाटतंय. प्रोफेशनल नाही वाटत.” सरकारी पत्रातून, बँकेच्या फॉर्ममधून आलेलं ते ‘रिक्वेस्टेड टू’ आणि ‘ओब्लाइज’ आपल्याला अजून प्रतिष्ठेचं वाटतं.

गंमत म्हणजे ज्यांची ही भाषा, त्यांनीच तिच्याविरुद्ध आवाज उठवला. १९७९ मध्ये लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये क्रिसी माहर नावाच्या बाईंनी अगम्य सरकारी फॉर्म चक्क मशीनमध्ये घालून फाडले आणि ‘प्लेन इंग्लिश कॅम्पेन’ सुरू केलं. मागणी एवढीच की लोकांसाठी जे लिहिता ते लोकांना कळू द्या. तिकडे हे होऊन किती वर्षं झाली आणि आपण अजून ‘काइंडली डू द नीडफुल’वर अडलोय!

आणि स्पष्ट लिहिणं आपल्याला जमत नाही असं थोडंच आहे? पुणेरी पाट्या आठवा. दुकान कधी बंद, बेल किती वेळा वाजवायची, गाडी कुठे लावायची नाही... पुणेरी पाटी वाचून एकाला तरी शंका आली आहे का? मराठीत आपण इतके स्पष्ट आणि इंग्रजीत शिरलो की एकदम गुळगुळीत. मी मैत्रिणीला तेच सांगितलं. पाटीचा नेमकेपणा घे, टोमणा पेठेतच ठेव. एक ‘प्लीज’ पुरे.

तिने ऐकलं. मेसेज निम्मा झाला. आधी वॉकच्या आदल्या रात्री तिला अकरापर्यंत ‘व्हेअर एक्झॅक्टली?’चे फोन यायचे, ते जवळजवळ थांबले. काकांच्या मेसेजमध्ये आता बोट सुटायची वेळ असते आणि त्याखाली त्यांनी स्वतः सांगून घातलेली एक ओळ असते, “नो फोन रेंज ॲट द बीच. प्लीज वेट, आय विल कम.” ती ओळ मला सुचली नव्हती. शब्द देणारा माणूसच ती लिहू शकतो.

झटपट चेकलिस्ट

तुमच्याकडे ‘जरा इंग्लिश बघ ना’ म्हणून पुढचा मेसेज आला की स्पेलिंगला हात लावण्याआधी हे तपासा.

• कधी? वार, तारीख, महिना अक्षरांत. भेटायची वेळ, निघायची वेळ आणि संपायची वेळ, तिन्ही आकड्यांत. मध्यरात्रीची टूर असेल तर दोन्ही वार.

• कुठे? लांबून दिसणारी एक खूण. नवं नाव, जुनं नाव आणि मॅपची लिंक.

• किती? एकूण आकडा सगळ्यात वर. त्यात काय आलं आणि काय नाही, दोन वेगळ्या ओळींत.

• काय आणायचं? पासपोर्ट, पाणी, टोपी, रोख पैसे. ‘नेसेसरी आयटम्स’ असं लिहून सोडून देऊ नका.

• कितपत दमायचं? पायऱ्या किती, चालायचं किती, टॉयलेट कुठे.

• रद्द झालं तर? “इफ वी कॅन्सल” आणि “इफ यू कॅन्सल” अशी दोन वाक्यं. पावसाने बोट बंद झाली तर पैसे किती दिवसांत परत, तेही. ‘नॉन-रिफंडेबल अंडर एनी सर्कमस्टान्सेस’ हे वाचून पाहुणा तुमच्याकडे बुकिंग करतो की शेजारच्याकडे, विचार करा.

• फोन कुणाचा? टूरच्या दिवशी जो खरंच उचलेल त्याचा.

आणि शेवटची टेस्ट. ज्याला तुमच्या टूरची काहीच माहिती नाही अशा एकाला मेसेज वाचायला द्या, फोन परत घ्या आणि विचारा, “किती वाजता? कुठे? किती पैसे?” तिन्ही उत्तरं पटापट आली तर पाठवा. नाही आली, तर मेसेज बदला. वाचणाऱ्याला पुन्हा समजावून सांगू नका, कारण पाहुण्यापाशी तुम्ही नसणार, फक्त तुमचा मेसेज असणार!